अवजड म्हणजे जडच

ट्रकच्या पाठीला खडी सांडू नये म्हणून एक लोखंडी झडप लावलेली असते ना, ती मी. आम्हाला फाळका म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, फाळका असतो गाडीला. मग हा रस्त्याच्या तोंडाशी दोन खांबांवर उभा राहून काय करतोय? अंगाला पांढरा रंग काय, त्यावर लाल अक्षरं काय! तेच सांगतो. पायी असाल, सायकलवर असाल तर टेका घटकाभर. मागे खडी भरलेली गाडी असेल, तर आधी ती वळवून त्या डोंगराकडच्या रस्त्याला लावा आणि मग चालत या ऐकायला.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला वाचता येत नाही. माझ्या छातीवर काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे, कारण येणारे-जाणारे मोठ्याने वाचतात. स्वतःचं कपाळ कुणी वाचलंय का कधी? पण ऐकलेलं मी विसरत नाही. लोखंडाचं असंच असतं, ठोका बसला की बसला.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. काळ्या काचेआडून ठिणग्या उडवणारा तो, आणि पत्रा धरून बसणारी त्याची बायको. दिवसभर दोघांचं चाललेलं असायचं.

"वाकडा धरलायस."

"पत्रा सरळ आहे. तुम्ही वाकडे बसलाय."

तो काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचा. पत्रा सरळच असायचा. मग तो काच डोळ्यांवर ओढायचा आणि ती पदराआड हसायची.

मी तयार झालो तेव्हा वेल्डरने हातोड्याने माझ्या पोटावर एक ठण्ण करून वाजवलं. "हा वीस वर्षं हलायचा नाही."

"हा नाही हलायचा हो," बायको म्हणाली, "पण खालच्या कड्या बारीक घेतल्यात तुम्ही."

"गिऱ्हाइकाने दिल्या त्या लावल्या."

बाईमाणसाचं बोलणं लोक कानामागे टाकतात आणि मग तेच कान धरायची पाळी येते, हे मी तिथेच शिकायला हवं होतं. पण नवा होतो. अंगावर ताजा रंग होता. रंग ताजा असला की कुणाचंच ऐकू येत नाही.

मला खाणीच्या गाडीला लावलं. गाडी चालवायचा त्याला सगळे 'धाकटा' म्हणायचे. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, तरी धाकटाच. कारण त्याची थोरली बहीण त्याला तशी हाक मारायची आणि तिच्या हाकेपुढे गावात कुणाची दुसरी हाक टिकायची नाही. रोज सकाळी धाकटा गाडीला एक फेरी मारायचा, टायरला लाथ, दिव्याला फुंकर, आणि माझ्या पाठीवर दोन थापा. "चल रे गड्या."

माझं काम सोपं नव्हतं. खाणीत सुरुंग उडाले की दगड फुटायचे, ते यंत्रात भरडून खडी व्हायची, आणि ती खडी गाडीत माझ्या भरवशावर ओतली जायची. मी पाठ देऊन उभा. जागेवर पोचलो की गाडीची पेटी पुढून वर उचलली जायची, माझ्या खालच्या कड्या सुटायच्या, मी वरच्या बिजागऱ्यांवर झुलायचो आणि खडी माझ्या पायाखालून धो धो खाली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. घराला पाया लागतो, पुलाला खांब लागतो, दवाखान्याला स्लॅब लागतो. खडी काही वाईट नाही. वाईट असेल तर ती कुठून न्यायची आणि किती न्यायची, त्यात असतं.

खाणीवरून मोठ्या सडकेला जायला दोन वाटा. एक डोंगराला वळसा घालून जाणारी, रुंद, रिकामी. दुसरी गावातून, जवळची. जवळची म्हणजे केवढी? समोरून गाडी आली की सायकलवाल्याने गटारात उतरायचं, एवढी. कडेला घरं, घरांच्या पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. धुण्यातून निघालेलं धुणं पुन्हा धुवावं लागायचं, इतका आमचा धुरळा. आणि मधोमध एक उंचवटा. त्या उंचवट्यापाशी एका बाजूला सार्वजनिक नळ आणि बरोबर त्याच्यासमोर, रस्त्यापलीकडे, आक्काचं घर.

आक्का म्हणजे धाकट्याची तीच थोरली बहीण. नवरा गेलेला, एकुलता एक लेक लांब शहरात नोकरीला. घरात ती एकटी आणि तिचं तोंड. तोंड असलं की माणूस एकटं राहत नाही म्हणा. आमची गाडी गेली की ती दारातून ओरडायची, "अरे धाकट्या, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

धाकटा खिडकीतून डोकं काढायचा. "आपल्या दोघांचा बाप एकच आहे, आक्का!"

"म्हणून तर लाज वाटते!"

असं हसत-खेळत चाललं होतं. पण खाणीवर मुकादम बदलला आणि गाडी भरायची पद्धत बदलली. पूर्वी खडी माझ्या काठाच्या चार बोटं खाली असायची. आता माझ्या डोक्यावर ढीग. माझं पोट बाहेर फुगलं. कड्या झिजल्या. धाकट्याने मुकादमाला सांगितलं, "कडी बदलायला हवी."

"तार बांध," मुकादम म्हणाला.

पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगायला गेला तर मुकादमाने तोंड उघडायच्या आत तारेचं भेंडोळंच पुढे केलं. आरसा फुटला, तार. पायरी निखळली, तार. ड्रायव्हर लोक त्याला पाठीमागे 'तारमास्तर' म्हणायचे. धाकट्याने तार बांधली. त्यालाही घर होतं, गाडी सोडून काय हातात धरणार?

सकाळची दुसरी खेप. उंचवट्यावर मागचं चाक चढलं, उतरलं, आणि माझ्या उजव्या कडीची तार तुटली. मी झुललो. मला थांबता आलं नाही. माझ्या पायाखालून खडी रस्त्यावर सांडली आणि तिच्यातून भरडायचा राहिलेला एक नारळाएवढा दगड उसळून निघाला. नळावरून भरलेला हंडा घेऊन आक्का रस्ता ओलांडत होती. दगड तिच्या गुडघ्यावर बसला.

हंडा घरंगळत गेला तो आवाज मला आजही ऐकू येतो. आक्का ओरडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प होती, आणि तेच भयंकर होतं.

गुडघा सांधला, पण पाय आखडला. तेव्हापासून ती काठी घेऊन चालते. एक पाऊल जड, एक हलकं. ठप्प-टुक, ठप्प-टुक.

धाकट्याने किल्ल्या मुकादमाच्या टेबलावर ठेवल्या त्या ठेवल्याच. गाडीला नवा फाळका लागला आणि मी भंगारात पडलो. वर्षभर तिथे गंजलो. एके दिवशी धाकटा हातगाडी घेऊन आला, मला त्यावर चढवलं आणि ढकलत ढकलत थेट आक्काच्या दारात नेलं.

आक्काने मला ओळखलं. काठी माझ्या अंगावर टेकवली. "मला पाडलंत ते पाडलंत, आता ह्याला पाहुणा म्हणून घरी आणलास होय?"

"तुझ्या दारापुढचं गटार ओलांडताना तुला त्रास होतो," धाकटा मान खाली घालून म्हणाला. "वरची फरशी फुटलीय. हा घालू म्हटलं. पक्का आहे."

आक्काने काठीने मला दोनदा ठोकून बघितलं. मग म्हणाली, "घाल. रोज ह्याच्यावर पाय देऊन जाईन. तेवढंच बरं वाटेल मला."

तसा मी गटारावरचा पूल झालो. चार वर्षं आक्का रोज माझ्यावर पाय देऊन नळावर गेली, आणि देताना काठी जरा जास्तच आपटायची. मी सोसलं. माझ्याच तोंडातून निघालेला दगड होता तो. मी तिच्या पावलांवरून सांगायचो, आज पाय ठणकतोय, आज बरा आहे, आज शेजारणीशी भांडण झालंय.

पण गाड्या वाढल्या होत्या. पूर्वी दिवसाला वीस जायच्या, आता साठ. नळ समोर, घर समोर, आणि मधला तो दहा पावलांचा रस्ता आक्काला समुद्र झाला. हंडा कमरेवर घेऊन ती माझ्यावर उभी राहायची. एक गाडी जायची, दुसरी यायची. काठी पुढे टाकायची, मागे घ्यायची. एकदा तर गाडीच्या वाऱ्यानेच ती हेलपाटली आणि माझ्यावर बसली. हंडा माझ्या अंगावर रिता झाला. शेजारीण धावत आली.

"लागलं का हो?"

"लागलं नाही. अंघोळ झाली," आक्का म्हणाली. पण उठायला तिला दोन हात लागले, हे मला माहीत आहे.

शेजारणीने शहरात फोन केला. लेक आला. मनाने चांगला, पण घाबरट. घाबरलेलं माणूस जोरात बोलतं.

"आई, पुरे झालं. माझ्याकडे चल. चौथ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, नळ स्वयंपाकघरात आहे."

"आणि बोलायला कोण आहे?"

"आम्ही आहोत ना!"

"तुम्ही दोघं सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. मी काय लिफ्टशी बोलू?"

"मग इथे मरायचंय का गाडीखाली?"

आक्काने त्याच्याकडे बघितलं. "बाळा, हे घर मी आणि तुझ्या वडिलांनी विटा वाहून बांधलंय. घर वाईट नाही, नळ वाईट नाही. मधला रस्ता वाईट झालाय. दुखणं रस्त्याला आणि कापायचं मला, असं कसं?"

शेवटी लेक म्हणाला, "रस्ता सुधारला तर रहा. नाहीतर दोन महिन्यांनी मी टेम्पो घेऊन येणार आणि तुला सामानासकट नेणार. शब्द दे." आक्काने दिला. ती शब्द फिरवत नाही, ही तिची मोठी खोड.

मग मात्र आक्का कामाला लागली. आधीही गावाने बांधकाम खात्याला अर्ज दिले होते, पण अर्ज म्हणजे कागद, फायलीत झोपून जातो. आक्का झोपणाऱ्यांतली नव्हती. धाकट्याच्या आधाराने ती स्वतः कार्यालयात जाऊन बसली. एकदा, दोनदा, पाचदा. शिपाई म्हणाला, "आजी, बाई कामात आहेत." आक्का म्हणाली, "असू दे की. मी कुठे खेळात आहे?" सहाव्या खेपेला खात्याच्या इंजिनियर बाई स्वतःच बाहेर आल्या, आणि आठवड्याने गावात.

बाई बारीक अंगाच्या, बुटांवर धूळ बसली तरी न झटकणाऱ्या. त्यांनी टेप लावून रस्ता मोजला. मग नळापाशी उभ्या राहिल्या आणि आक्काला म्हणाल्या, "तुम्ही नेहमीसारख्या ओलांडा. मी बघते." आक्का माझ्यावर येऊन उभी राहिली. सात गाड्या गेल्या. आक्का जागची हलली नव्हती. बाईंनी वही मिटली.

हुकूम निघाला: खडीच्या गाड्यांनी डोंगराकडच्या रस्त्याने जायचं. महिनाभर पाळून बघायचं. नीट चाललं तर बंदी कायम. गोंधळ झाला, तक्रारी आल्या, तर हुकूम मागे. पण पाटी? खात्याकडे पाट्या संपलेल्या. "तुम्ही तुमची पाटी करा," बाई म्हणाल्या, "आमचा शिक्का मी मारते."

पाटीला जाड पत्रा कुणाकडे होता? सगळ्यांच्या नजरा आक्काच्या दाराकडे वळल्या.

"तो नको," धाकटा म्हणाला. "तू गटार कशी ओलांडशील?"

"दोन फळ्या टाक."

"पण हाच कशाला?"

"कारण ह्याने अडवायला शिकलं पाहिजे," आक्का म्हणाली. "एकदा सुटला होता. आता धरून उभा राहू दे."

तिने स्वतः मला घासलं, सोडा आणि काथ्या घेऊन, काठी बाजूला ठेवून. चार वर्षांचा चिखल गेला. त्या दिवशी तिने माझ्यावर पाय दिला नाही. कडेला हात टेकून ती गटाराच्या पलीकडे गेली. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

रंगारी आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, मोठा अक्षरबहाद्दर. धाकटा म्हणाला, "लिही, जड गाड्यांना बंदी." रंगाऱ्याने नाक मुरडलं. "जड काय, गाड्या काय! सरकारी पाटी आहे. भाषा भारदस्त पाहिजे." आणि त्याने माझ्या फुगलेल्या पोटावर मोठ्या झोकात लिहिलं: अवजड वाहनांस प्रवेश बंद.

सगळ्यांनी वाचलं, माना डोलावल्या. आक्काने धाकट्याला विचारलं, "काय लिहिलंय?" त्याने सांगितलं. "बरं आहे," ती म्हणाली, "पण जड म्हटलं असतं तर काय रंग जास्त लागला असता?"

बघा. पुन्हा कुणी ऐकलं नाही.

मला फाट्यावर, रस्त्याच्या तोंडाशी दोन खांबांवर चढवलं. पहिल्या दिवशी पहिली गाडी आली ती माझ्याच जागी लागलेल्या नव्या फाळक्याची. ड्रायव्हरने मला वाचलं, डोकं खाजवलं आणि गाडी डोंगराकडे वळवली. काय सांगू, असा आनंद मला हजार गाड्या खडी वाहून झाला नव्हता. आयुष्यभर मी मागे उभा होतो. आता पुढे उभा होतो.

आठ दिवस रस्ता शांत राहिला. कपडे पांढरे वाळले. नवव्या दिवशी मुकादम जीपने आला आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याने मला दोनदा वाचलं. मग त्याच्या तोंडावर असं हसू आलं, जसं तार सापडल्यावर यायचं.

त्याने ड्रायव्हर लोकांना तिथेच गोळा केलं. "शाळेत गेला होतात ना? 'अ' लावला की अर्थ उलटा होतो. शुद्ध, अशुद्ध. शक्य, अशक्य. मग जड, अवजड. अवजड म्हणजे जड नसलेली! बंदी हलक्या गाड्यांना आहे. आपल्याला नाही. हाका गाड्या!"

ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले. खोटं आहे हे त्यांना कळत होतं. पण मुकादमाने सांगितलं म्हटल्यावर हात वर करायला जागा मिळाली. दुपारपर्यंत बारा गाड्या माझ्या नाकासमोरून गावात शिरल्या, आणि मी आपला उभा. अक्षरं असून मुका.

पण खरी फजिती वेगळीच. गावाचा दूधवाला, साधा माणूस, त्याने मुकादमाचं बोलणं खरंच मानलं. दुसऱ्या सकाळी मोटरसायकलला कॅन लटकवून आला, माझ्यासमोर थांबला, आणि उतरून गाडी ढकलत शेतातून वळसा घालून गेला. रोज! दूध उशिरा, आणि तो चिखलाने माखलेला. तिसऱ्या दिवशी आक्काने त्याला गाठलं.

"का रे, शेतातून का येतोस?"

"पाटी आहे ना, आक्का. हलक्या गाड्यांना बंदी. माझी मोटरसायकल हलकीच की!"

आक्काने कपाळाला हात लावला. "गाडी हलकी आहे रे, पण तुझं डोकं मात्र भरलेलं दिसत नाही."

मुकादमाला आयतं कोलीत मिळालं. त्याने खात्याला अर्ज केला: पाटीमुळे गोंधळ होत आहे, गावच्या दूधवाल्याला त्रास झाला आहे, सबब हुकूम मागे घ्यावा. खाली दूधवाल्याचा अंगठा. त्याला सांगितलं होतं म्हणे, दुधाला नवा रस्ता मिळतोय. महिना संपायला पाच दिवस उरले होते आणि लेकाचा फोन आला होता, टेम्पो ठरवलाय म्हणून. आक्काने घरातल्या दोन पेट्या ओढून दारात आणून ठेवल्या. शब्द दिला होता तिने. त्या संध्याकाळी ती चालत फाट्यापर्यंत आली, माझ्या खांबाला टेकून बसली आणि कितीतरी वेळ रस्त्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, मला शिव्या देईल तर बरं. दिल्या नाहीत.

तक्रारीची शहानिशा करायला इंजिनियर बाई आल्या. सकाळी अकराची वेळ, फाट्यावर अर्धं गाव, माझ्यासमोर मुकादम, मागे खडीने भरलेली एक गाडी उभी.

मुकादमाने आपलं व्याकरण पुन्हा मांडलं. शुद्ध-अशुद्ध, शक्य-अशक्य. बाईंनी ओठ आवळले. हसू आवरत होत्या की राग, कळेना. "अर्थ मला कळतो," त्या म्हणाल्या, "पण एका माणसाची लेखी तक्रार आहे. पाटीने लोकांची दिशाभूल होत असेल तर मला विचार करावा लागेल."

शिकलेला माणूस व्याकरण बोलायला लागला की बाकीचे पायाकडे बघतात. मग ठप्प-टुक, ठप्प-टुक असा आवाज आला आणि गर्दी बाजूला झाली.

"मी अडाणी आहे," आक्का मुकादमाला म्हणाली. "मला वाचता येत नाही. म्हणून विचारते. हा माझा पाय. गटार ओलांडणं मला अवघड जातं. तुमच्या हिशेबाने अवघड म्हणजे सोपं का हो?"

मुकादमाने तोंड उघडलं.

"थांबा. तुमच्या आईला तुमच्या वेळी बाळंतपण अवघड गेलं असेल, डोकं बघून वाटतंय. तिला सांगाल का, अवघड म्हणजे सोपंच होतं? आणि मी अडाणी, तर 'अ' काढला की मी काय 'डाणी' होते?"

आधी ड्रायव्हर हसले. मग रंगारी, मग अर्धं गाव. बाईंनी वही तोंडापुढे धरली. दूधवाला मात्र हसला नाही. तो पुढे आला, लाल झालेला.

"बाई, अंगठा माझाच आहे, पण माझी तक्रार पाटीवर नाही. ह्या माणसाने मला सांगितलं तसं मी वागलो. तीन दिवस चिखलात गाडी ढकलली. माझी तक्रार असेल तर ती ह्यांच्यावर लिहा."

बाईंनी लिहून घेतलं. मग मागे उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला खाली बोलावलं. "तुम्हाला पाटीचा अर्थ काय कळला? खरं सांगा."

ड्रायव्हरने मुकादमाकडे बघितलं, मग आक्काच्या गुडघ्याकडे. "चढावर पहिल्या गिअरमध्ये रडते ती गाडी अवजड, बाई. कळायचं काय त्यात? आम्हाला पहिल्या दिवसापासून कळलंय."

"मग वळवा," बाई म्हणाल्या. आणि रंगाऱ्याला हाक मारली. "कुणाला शंका नको. कंसात लिहा: म्हणजे जड."

"बाई, पाटीवर कंस?" रंगाऱ्याचा जीव कासावीस झाला.

"लिहा. शिक्का मी मारते."

तो ड्रायव्हर गाडी मागे घेऊन डोंगराकडे वळेपर्यंत कुणी हललं नाही. हुकूम कायम झाला. मुकादम जीपमध्ये बसला. निघताना जीपचा आरसा हलत होता. तारेने बांधलेला.

लेक ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला. फाट्यावर टेम्पो थांबवून खाली उतरला, मला वाचलं, कंसासकट, आणि पोट धरून हसला. मग टेम्पो तिथेच उभा करून तो रस्त्याच्या कडेला बसला. मला वाटतं, तो मोजत होता. अर्धा तास बसला. तीन सायकली गेल्या, एक म्हातारा गेला, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसून अंग खाजवून गेलं. मग तो उठला, टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि चालत घराकडे गेला. त्याने दारातल्या दोन्ही पेट्या उचलून आत नेऊन ठेवल्या, हे मला धाकट्याने सांगितलं. आणि आक्का म्हणाली म्हणे, "आलास तर हंडा भरून आण. बघू तरी शहरात हात मऊ पडलेत का."

त्याला आता दोन वर्षं झाली. माझ्या कडा गंजतायत. रंगारी वर्षाकाठी एकदा हात फिरवून जातो आणि कंसावर फिरवताना आजही कण्हतो. धाकटा रोज सकाळी फिरायला येतो, माझ्या पाठीवर दोन थापा मारतो. पोटाचा फुगवटा गेला नाही, जाणारही नाही. त्याच्यामुळे अक्षरं लांबून जरा पुढे आलेली दिसतात, असं लोक म्हणतात. चांगलंच आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं. खडी न्या, पूल बांधा, घरं बांधा. पण गाडी भरताना फाळक्याच्या काठाखाली भरा. कडी झिजली तर कडी बदला. आणि ज्या रस्त्यावर कुणी हंडा घेऊन उभं असेल, तो रस्ता तुम्हाला कितीही जवळचा असो, लांबचा धरा. चाकाला चार मैल म्हणजे काय? आखडलेल्या पायाला दहा पावलं विचारा.

बरं, पुरे. आता तुम्ही माझ्यासमोरून जरा बाजूला सरका. वळणावर धुरळा दिसतोय, गाडी भरलेली असणार, आणि ड्रायव्हर नवा वाटतो. त्याला मी दिसलो पाहिजे.